जाकार्ताची इस्तिकलाल मशीद: एका राष्ट्रीय वास्तूचा प्रकरण अभ्यास

देशातील बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, पण राज्यघटनेने इस्लामला राज्यधर्म ठरवलेले नाही. अशा देशाच्या सरकारने ‘राष्ट्रीय मशीद’ बांधायचे ठरवले, तर ती वास्तू केवळ मुस्लिमांची समजायची की साऱ्या राष्ट्राची, हा प्रश्न १९५०च्या दशकात इंडोनेशियापुढे उभा राहिला. जाकार्तातील इस्तिकलाल मशीद हे त्या प्रश्नाला दगड, पोलाद आणि काँक्रीटमध्ये दिलेले उत्तर आहे. या मशिदीविषयी लिहिताना बहुधा तिच्या आकाराची आणि तिच्या मोजमापांत गुंफलेल्या आकड्यांची चर्चा होते. माझ्या मते तिचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. ती कुठे बांधायची, तिचा आराखडा कोणी करायचा आणि तिच्या भिंती किती मोकळ्या ठेवायच्या, या तीन निर्णयांत ते आहे, आणि प्रस्तुत अभ्यासाचा भर त्यांवरच आहे.

पार्श्वभूमी

पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो आणि मोहम्मद हट्टा यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. त्याआधी, २२ जून १९४५ रोजी, राज्यघटनेच्या प्रास्ताविकाचा जो मसुदा तयार झाला होता, त्यात मुस्लिमांवर शरियतच्या पालनाचे बंधन घालणारे एक वाक्यखंड होते. मूळ भाषेत ते अवघ्या सात शब्दांचे आहे, पण पूर्वेकडील बेटांवरील ख्रिस्ती समाजाला ते मान्य होणे शक्य नव्हते. हट्टा यांनी मुस्लिम नेत्यांशी बोलून १८ ऑगस्टला ते वगळून घेतले आणि त्या जागी ‘एकमेव सर्वश्रेष्ठ ईश्वरावरील श्रद्धा’ हे तत्त्व आले. पंचसिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच राष्ट्रतत्त्वांपैकी हे पहिले तत्त्व होय. इंडोनेशियाचे राज्य त्यामुळे धर्मनिरपेक्षही म्हणवत नाही आणि इस्लामीही म्हणवत नाही. ते ईश्वराला मानते, मात्र एका धर्माच्या नावाने कारभार करत नाही. मशीद बांधण्याचा विचार पुढे आला तेव्हा ही तडजोड जेमतेम दहा वर्षांची होती, आणि ती सर्वांनी मनापासून स्वीकारली होती असे मुळीच नव्हते. सात शब्द परत आणण्याची मागणी १९५०च्या दशकातल्या घटना समितीत जोराने होत होती.

डच सत्तेकडून सार्वभौमत्वाचे हस्तांतरण २७ डिसेंबर १९४९ रोजी झाले. (त्यानंतर महिन्याभरातच, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून सुकार्नो दिल्लीत उपस्थित होते.) अन्वर चोक्रोआमिनोतो आणि धर्मविषयक खात्याचे मंत्री राहिलेले वाहिद हाशिम यांनी राष्ट्रीय मशिदीची कल्पना मांडली. वाहिद हाशिम यांचे एप्रिल १९५३ मध्ये मोटार अपघातात निधन झाले, तरी कल्पना मागे पडली नाही. ७ डिसेंबर १९५४ रोजी मशिदीसाठी प्रतिष्ठान स्थापन झाले आणि चोक्रोआमिनोतो त्याचे अध्यक्ष झाले. अरबीत स्वातंत्र्याला जो शब्द आहे, तोच मशिदीला नाव म्हणून देण्यात आला. मिळालेल्या स्वातंत्र्याबद्दल ईश्वराचे आभार मानणारी वास्तू, अशी तिची पहिली ओळख होती.

जागेचा वाद

मला स्वतःला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा जागेच्या निवडीचा वाटतो. उपराष्ट्राध्यक्ष हट्टा यांचे म्हणणे होते की मशीद थामरिन रस्त्यावर, आज जेथे हॉटेल इंडोनेशिया आहे त्या ठिकाणी बांधावी. मुस्लिम वस्त्या तेथून जवळ होत्या, म्हणजे मशिदीला रोजचे नमाजी मिळाले असते. शिवाय त्या जागी पाडण्यासारखे काही नसल्याने खर्चही वाचला असता. व्यवहाराच्या कसोटीवर या युक्तिवादात काहीही खोट काढता येत नाही.

सुकार्नोंनी मात्र विल्हेल्मिना उद्यानाचा आग्रह धरला. डच राणीचे नाव मिरवणाऱ्या या उद्यानात १८३७ मध्ये पूर्ण झालेला प्रिन्स फ्रेडरिक हा डच किल्ला होता, आणि मशिदीसाठी तो पाडावा लागणार होता. परक्या सत्तेच्या किल्ल्याच्या जागी स्वातंत्र्याच्या नावाची मशीद, एवढाच अर्थ त्यातून काढता येतो आणि बहुतेक लिखाणात तो काढलाही जातो. परंतु सुकार्नोंच्या आग्रहामागे नगररचनेचा एक अधिक खोल विचार होता. जावातील जुन्या राजनगरांत मध्यभागी ‘आलुन-आलुन’ नावाचे मोठे मोकळे मैदान असे. राजवाडा आणि शहराची मुख्य मशीद त्या मैदानाच्या कडेला असत. योग्यकार्तात आजही उत्तरेकडील आलुन-आलुनच्या पश्चिमेला सुलतानांची मशीद उभी आहे. डचांनी वसवलेल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, मध्यवर्ती मैदान होते, त्याच्या कडेला गव्हर्नर जनरलचा वाडा होता, जवळपास चर्चही होती. फक्त मशीद नव्हती. शहराच्या केंद्रस्थानी बहुसंख्य प्रजेच्या श्रद्धेला जागाच ठेवलेली नव्हती. स्वातंत्र्यानंतर त्या मैदानाचे नाव मर्देका, म्हणजे स्वातंत्र्य मैदान झाले, वाडा राष्ट्राध्यक्षांचा झाला आणि मैदानात राष्ट्रीय स्मारकाचा १३२ मीटर उंचीचा स्तंभ उभारण्याचे ठरले. विल्हेल्मिना उद्यान याच मैदानाच्या ईशान्येला होते. मशीद तेथे आल्याने वसाहतीच्या राजधानीचा आराखडा जावाच्या जुन्या राजनगराच्या नियमाला येऊन मिळाला.

दुसरी बाब शेजाराची. उद्यानासमोर, रस्ता ओलांडला की, १९०१ मध्ये पूर्ण झालेले नवगॉथिक शैलीतील कॅथलिक कॅथेड्रल आहे, आणि थोड्या अंतरावर १८३९चे इमॅन्युएल हे प्रोटेस्टंट चर्च. किल्ला पाडला गेला, चर्चना मात्र कोणी हात लावला नाही. वसाहतीच्या काळात बांधलेल्या या इमारती आता इंडोनेशियन ख्रिस्ती नागरिकांच्या होत्या, हा फरक त्या निर्णयात नीट पाळला गेला. हट्टांच्या जागेवर मशीद सोयीची झाली असती. सुकार्नोंच्या जागेवर ती राष्ट्रीय झाली. राष्ट्रीय म्हणायचे तर वास्तू ज्यांच्यासमोर उभी राहते त्यांच्याशी तिचे काहीएक नाते ठरावे लागते, आणि असा समोरासमोरचा शेजार थामरिन रस्त्यावर नव्हता.

वास्तुकाराची निवड

आराखड्यासाठी २२ फेब्रुवारी १९५५ रोजी खुली स्पर्धा जाहीर झाली आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मुदत देण्यात आली. याच काळात, एप्रिलमध्ये, बांडुंगला आशियाई-आफ्रिकी परिषद भरली होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचे लक्ष इंडोनेशियाकडे लागलेले असताना हे काम चालू होते. परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद खुद्द सुकार्नोंकडे होते. ते पद नावापुरते नव्हते, कारण ते बांडुंगच्या तंत्रमहाविद्यालयातून १९२६ मध्ये स्थापत्य अभियंता म्हणून बाहेर पडले होते आणि इमारतींविषयी त्यांची स्वतःची ठाम मते होती. मंडळात प्रबलित काँक्रीटचे जाणकार रोसेनो यांच्यासारखे अभियंते होते, तसेच हामका यांच्यासारखे प्रतिष्ठित धर्मपंडितही होते.

नियमांत बसणाऱ्या २२ आराखड्यांमधून ५ जुलै १९५५ रोजी फ्रेडरिक सिलाबान यांच्या आराखड्याची निवड झाली. सिलाबान हे उत्तर सुमात्रातील बाताक समाजातले, श्रद्धेने प्रोटेस्टंट ख्रिस्ती. त्यांचा जन्म १९१२चा. त्यांचे मूळ शिक्षण जाकार्तातील तांत्रिक शाळेत झाले होते, पुढे काही काळ ते ॲमस्टरडॅमच्या वास्तुकला अकादमीत शिकले, आणि स्पर्धेच्या वेळी बोगोर शहराच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे प्रमुख होते. आपल्या आराखड्याला त्यांनी ‘केतुहानान’, म्हणजे ईश्वरतत्त्व, असे शीर्षक दिले होते. पंचसिलेच्या पहिल्या तत्त्वातला हाच शब्द. एका ख्रिस्ती वास्तुकाराला आणि परीक्षक मंडळातल्या मुस्लिम विद्वानांना एकाच वेळी आपला वाटेल असा आधार त्या तत्त्वात होता.

देशातल्या सर्वांत मोठ्या मशिदीचा आराखडा ख्रिस्ती माणसाने केला, ही गोष्ट इंडोनेशियात आज अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान योग्यच आहे. तरीही सिलाबान यांना त्यांच्या धर्मासाठी निवडलेले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. सलोख्याचे प्रदर्शन करायचे म्हणून परीक्षकांनी ख्रिस्ती माणूस शोधला नाही. समोर आलेल्या आराखड्यांत त्यांचा आराखडा सरस ठरला, आणि ठरल्यावर त्यांचा धर्म आड आला नाही, यात त्या मंडळाचा मोठेपणा आहे. हामकांसारखा विद्वान त्या निर्णयात सहभागी होता, हे विशेष.

सतरा वर्षांचे बांधकाम

सुकार्नोंच्या हस्ते पायाभरणी झाली ती २४ ऑगस्ट १९६१ रोजी, पैगंबरांच्या जयंतीच्या दिवशी. मशीद बांधून पूर्ण व्हायला मात्र सतरा वर्षे लागली. त्या वर्षांत जाकार्तात एकाच वेळी राष्ट्रीय स्मारक, १९६२च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीचे प्रचंड मैदान आणि हॉटेल इंडोनेशिया अशी कामे चालू होती. तिजोरीत पैसा कमी आणि महागाई बेसुमार, अशी देशाची अवस्था होती. ३० सप्टेंबर १९६५च्या रात्रीच्या उठावाच्या प्रयत्नानंतर देशभर कत्तली झाल्या, सुकार्नोंची सत्ता गेली, लष्करातले जनरल सुहार्तो राष्ट्राध्यक्ष झाले, आणि काम जवळपास थांबले. सुकार्नो १९७० मध्ये वारले. ज्या मशिदीच्या प्रत्येक निर्णयावर त्यांची छाप होती तिचे उद्घाटन २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सुहार्तोंच्या हस्ते झाले. सिलाबान यांना १९६५ नंतर मोठी सरकारी कामे मिळणे जवळजवळ बंद झाले, तरी ही मशीद पूर्ण झालेली त्यांनी पाहिली. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

नव्या राजवटीला आधीच्या राष्ट्राध्यक्षाची ही खूण अर्धवट सोडून देणे अवघड नव्हते. तिने तसे केले नाही, कारण मशीद तोवर व्यक्तीची उरली नव्हती. माझ्या दृष्टीने मशिदीच्या राष्ट्रीयत्वाची ही पहिली कसोटी होती आणि त्या कसोटीला ती उतरली.

वास्तूची रचना

साडेनऊ हेक्टरांच्या सुमाराच्या आवारात चिलिवुंग नदीचा प्रवाह आहे, झाडी आहे आणि मधोमध पांढऱ्या रंगाची, आडव्या रेषांवर भर देणारी ही प्रचंड इमारत. आत येण्यासाठी सात प्रवेशद्वारे असून त्यांना अल्लाहच्या गुणवाचक नावांपैकी नावे दिलेली आहेत. तळमजल्यावर वुजूची सोय आणि कार्यालये आहेत. मुख्य नमाजगृह त्याच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे नमाजासाठी येणारा माणूस आधी हातपाय धुतो, मग पायऱ्या चढून वर जातो, आणि रस्त्याचा गोंगाट व धूळ खालीच राहते.

नमाजगृहावर ४५ मीटर व्यासाचा पोलादी सांगाड्याचा घुमट आहे आणि तो १२ गोल खांबांवर पेललेला आहे. हे खांब सुमारे अडीच मीटर जाडीचे असून त्यांवर स्टेनलेस पोलादाचे आवरण आहे. सभोवती चार मजल्यांचे सज्जे आहेत. भिंतींना आणि जमिनीला पूर्व जावातील तुलुंगागुंगचा संगमरवर वापरला आहे. सजावट अगदी मोजकी: किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीवर एका बाजूला अल्लाह आणि दुसऱ्या बाजूला मुहम्मद ही नावे धातूच्या अक्षरांत, मध्ये कुराणातील ‘ताहा’ सुरेची (अध्यायाची) चौदावी आयत (वचन), आणि घुमटाच्या आतल्या कडेने गोलाकार फिरणाऱ्या आयती. इराणी किंवा तुर्की मशिदींत डोळे दिपवणारे जे नक्षीकाम आणि टाइल्सचे काम दिसते, ते येथे शोधूनही सापडणार नाही. आतली भव्यता केवळ अंतरांच्या प्रमाणातून आणि प्रकाशातून आलेली आहे. सज्जे आणि प्रांगण धरून एका वेळी एक लाखाहून अधिक लोक येथे नमाज पढू शकतात.

परंतु ही मशीद वाचायची ती तिच्या कडांवरून. जाकार्ता विषुववृत्ताच्या दक्षिणेला सहा अंशांवर आहे. तेथे वर्षभर उकाडा, हवेत सतत दमटपणा आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. सिलाबान यांना याच हवामानाचा ध्यास होता. उष्ण प्रदेशातल्या इमारतीने सावली द्यावी, पाऊस अडवावा आणि वाऱ्याला वाट द्यावी, हा आग्रह त्यांच्या बोगोरमधील स्वतःच्या घरापासून जाकार्तातील मध्यवर्ती बँकेच्या इमारतीपर्यंत दिसतो. इस्तिकलालमध्ये नमाजगृहाच्या बाहेरच्या बाजूला भिंत अशी जवळपास नाहीच. उंच खांबांच्या रांगा आहेत, त्यांच्यामध्ये धातूच्या भौमितिक जाळ्या आहेत, वर पुढे आलेले छत आहे, आणि त्याखाली रुंद सावलीच्या ओवऱ्या आहेत. वारा एका बाजूने येतो आणि माणसांच्या डोक्यांवरून दुसऱ्या बाजूने निघून जातो. कोकणातल्या घरात पडवी जे काम करते, म्हणजे आतला आणि बाहेरचा यांच्यामध्ये एक सैल, हवेशीर, सर्वांना मोकळा असा पट्टा ठेवते, तेच काम येथे एका विराट प्रमाणावर या ओवऱ्या करतात. वातानुकूलन यंत्रांवर न विसंबता लाखभर माणसांच्या समुदायाला श्वास घेता येईल अशी इमारत कागदावर रेखाटणे ही १९५५ साली कोणाही वास्तुकारासाठी असामान्य गोष्ट होती.

या मोकळेपणाचा सामाजिक अर्थही आहे. नमाजाच्या वेळा सोडल्या तर ओवऱ्यांत माणसे टेकलेली असतात, गावाहून आलेली कुटुंबे डबा सोडून बसतात, मुले प्रांगणात धावतात. रमजानमध्ये येथे हजारो लोकांचा रोजा सोडवला जातो. मशिदीच्या आत-बाहेरची सीमारेषा जाळ्यांची आणि सावलीची असल्यामुळे ज्याला नमाज पढायचा नाही त्यालाही तेथे परके वाटत नाही.

आकड्यांची भाषा

आता थोडे आकड्यांविषयी. ४५ मीटर व्यास म्हणजे १९४५ साल. शेजारच्या लहान घुमटाचा आठ मीटर व्यास म्हणजे ऑगस्ट महिना. १२ खांब म्हणजे पैगंबरांची जन्मतिथी, रबीउल अव्वल या इस्लामी महिन्याची १२ तारीख. मुख्य मजला आणि चार सज्जे मिळून पाच स्तर म्हणजे इस्लामचे पाच आधारस्तंभ, आणि त्याच वेळी पंचसिलेची पाच तत्त्वे. सात द्वारे म्हणजे सात स्वर्ग. मिनार एकच आहे, ईश्वराच्या एकत्वाचे चिन्ह म्हणून. त्याची उंची ६६.६६ मीटर, कारण कुराणात ६,६६६ आयती आहेत असे परंपरेने सांगितले जाते. त्यावरचे ३० मीटरचे पोलादी टोक म्हणजे कुराणाचे ३० भाग.

सर्वाधिक प्रचलित मोजणीनुसार कुराणातील आयतींची संख्या ६,२३६ भरते. म्हणजे मिनाराचा आकडा शास्त्रीय गणनेतून आलेला नसून लोकपरंपरेतून आलेला आहे. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. राष्ट्राचा जन्म आणि धर्माची तत्त्वे एकाच मोजपट्टीवर बसवण्याची ती धडपड आहे, आणि शाळकरी मुलांना वास्तू समजावून सांगायला ती उपयोगीही पडते. तरीही मला वाटते की इस्तिकलालची ओळख या आकड्यांत अडकवणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. घुमटाचा व्यास ४४ मीटर असता तरी ही मशीद एवढीच चांगली असती. ओवऱ्या काढून काचा बसवल्या असत्या तर मात्र तसे म्हणता आले नसते.

परंपरेचा आक्षेप

या मशिदीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या छपराविषयी आहे. जावातील जुन्या मशिदींना घुमट नसतो. देमाकची प्रसिद्ध मशीद पाहावी: मधले चार लाकडी खांब, आणि त्यांवर एकावर एक चढत जाणारे उतरते तिहेरी छप्पर. गोल घुमट या द्वीपसमूहात बराच उशिरा रुळला, आणि तो रुजवण्यात डच सत्तेचाही हात होता. उत्तर सुमात्रातील आचेच्या युद्धात जळालेल्या बैतुर्रहमान मशिदीच्या जागी डच सरकारने १८७९ ते १८८१ या काळात जी नवी मशीद बांधून दिली तिला घुमट होता. मग स्वतंत्र देशाच्या राष्ट्रीय मशिदीने देमाकचे छप्पर सोडून घुमट का घ्यावा?

सुकार्नोंनी या आक्षेपाला आपल्या भाषणांतून उत्तर दिले होते. देमाक आणि बांतेनच्या मशिदी त्यांच्या काळात थोर होत्या, पण आजच्या तंत्राच्या कसोटीवर त्या कुठे बसतील, असा त्यांचा सवाल होता. राष्ट्रीय मशीद लाकडाची आणि कौलांची नको, लोखंडाची, काँक्रीटची आणि संगमरवराची हवी, शतकानुशतके टिकणारी हवी, असे ते सांगत. या उत्तरात आत्मविश्वास आहे, तसाच नव्या राष्ट्राचा एक न्यूनगंडही आहे. जगाला दाखवण्यासाठी मोठे आणि टिकाऊ काहीतरी हवे, ही घाई त्यात जाणवते. सुहार्तोंच्या काळात उलट झाले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या प्रतिष्ठानाने देशभर ९९९ मशिदी बांधण्याचा कार्यक्रम घेतला आणि त्यांना देमाकच्या धर्तीचे तिहेरी उतरते छप्पर हा ठरावीक नमुना लावला. त्यांतल्या कित्येक मशिदींचे छप्पर तेवढे परंपरेचे आहे. बाकी ती एका साच्यातून काढलेली सरकारी इमारत आहे.

या दोन टोकांमध्ये सिलाबान यांचे काम मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी परंपरेचा आकार घेतला नाही, पण परंपरेने हवामानाशी जो समेट केला होता तो घेतला. खोल सावली, उंचावलेली जमीन, चहूबाजूंनी खेळणारी हवा, ही जावातील मंडपसदृश ‘पेंडोपो’ची शिकवण त्यांच्या काँक्रीटमध्ये उतरली आहे. आणि एक जुनी गोष्ट तर जशीच्या तशी आहे. अजानच्या आधी वाजवायचा ‘बेदुग’ हा जावाचा पारंपरिक नगारा येथेही आहे, पूर्व कालिमांतानच्या जंगलातल्या एकाच प्रचंड झाडाच्या खोडातून कोरलेला, सुमारे तीन मीटर लांबीचा.

इतर देशांतील उदाहरणे शेजारी ठेवली की हा फरक अधिक स्पष्ट होतो. क्वालालंपूरच्या १९६५च्या राष्ट्रीय मशिदीने घुमटाऐवजी अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखे घड्यांचे छप्पर निवडले. इस्लामाबादच्या फैसल मशिदीचा आराखडा तुर्की वास्तुकार वेदात दालोकाय यांनी केला, खर्च सौदी अरेबियाने उचलला आणि नावही सौदी राजाचे दिले गेले. वास्तू म्हणून फैसल मशीद फार धाडसी आहे, यात शंका नाही. पण इस्तिकलालची जागा, वास्तुकार, अभियंते, संगमरवर आणि नाव ही सारी देशाने स्वतः ठरवली, आणि वाद झाले तेही घरातल्या घरात झाले.

शेजाराचे पुढे काय झाले

इंडोनेशियात मशिदींची सरकारी वर्गवारी आहे. प्रांताची मशीद ‘राया’, जिल्ह्याची ‘आगुंग’, त्याखाली आणखी दोन पायऱ्या. आणि सर्वांत वर ‘नेगारा’, म्हणजे राज्याची मशीद. वर्गवारी झाली तेव्हापासून हा मान इस्तिकलालकडे होता. राष्ट्राध्यक्ष ईदची नमाज अनेकदा येथे पढतात आणि परदेशी पाहुण्यांना येथे आणले जाते. बराक ओबामा नोव्हेंबर २०१० मध्ये येथे येऊन गेले. सरकारी मान असलेली वास्तू सरकारवरच्या रागाचेही लक्ष्य बनते. १९ एप्रिल १९९९ रोजी, सुहार्तोंच्या पदत्यागानंतरच्या अस्वस्थ काळात, मशिदीच्या तळघरात स्फोट झाला आणि कार्यालयांच्या काचा-भिंतींचे नुकसान झाले.

समोरच्या कॅथेड्रलशी असलेले नाते मात्र वर्षागणिक घट्ट होत गेले. नाताळच्या दिवशी कॅथेड्रलमध्ये येणाऱ्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात. ईद रविवारी आली तर कॅथेड्रलने आपल्या प्रार्थनेच्या वेळा बदलल्याचीही उदाहरणे आहेत. मे २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या नूतनीकरणानंतर ७ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी मशीद पुन्हा खुली केली. छतावर पाचशेहून अधिक सौर पट्ट्या बसल्या, पाण्याच्या पुनर्वापराची सोय झाली, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे हरित इमारतीचे ‘एज’ प्रमाणपत्र मिळवणारे जगातील पहिले प्रार्थनास्थळ म्हणून तिची नोंद झाली. याच कामाच्या काळात मशीद आणि कॅथेड्रल यांना रस्त्याखालून जोडणारा २८.३ मीटर लांबीचा पादचारी बोगदा खणण्यात आला. ५ सप्टेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मशिदीला भेट दिली, मुख्य इमाम नसरुद्दीन उमर यांच्यासह त्या बोगद्याच्या तोंडाशी प्रार्थना केली आणि मानवतेसाठी धार्मिक सलोख्याच्या संयुक्त घोषणापत्रावर दोघांनी सह्या केल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांच्या हस्ते बोगद्याचे उद्घाटन झाले.

या प्रतीकाचे मोल मानत असतानाच त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे मला मान्य नाही. २००६च्या मंत्रालयीन नियमानुसार नवे प्रार्थनास्थळ बांधायचे तर ९० सदस्यांची नावे आणि परिसरातील अन्य ६० रहिवाशांचा पाठिंबा दाखवावा लागतो, आणि लहान ख्रिस्ती मंडळ्यांना त्याचा जाच वारंवार झाला आहे. सिलाबान ज्या बोगोर शहराच्या सेवेत होते, त्याच शहरात यास्मिन नावाच्या वसाहतीतील एका चर्चचे बांधकाम परवानगी असूनही २००८ पासून अडले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागूनही दार उघडले नाही, तेव्हा तेथील भाविक २०१२ पासून जाकार्तात येऊन राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर, म्हणजे इस्तिकलालपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, उघड्यावर प्रार्थना करत राहिले. शेवटी २०२३ मध्ये, तेही दुसऱ्याच जागी, त्यांना चर्च मिळाले. राजधानीच्या मध्यभागी मशीद आणि चर्च यांच्यामध्ये बोगदा होऊ शकतो आणि पन्नास-साठ किलोमीटरवर एका चर्चला दार उघडायला पंधरा वर्षे लागू शकतात. इस्तिकलालच्या यशाचे मोजमाप या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच करावे लागते.

आता राजधानीच बोर्निओतील नुसंतारा या नव्या शहरात हलवण्याचे काम चालू आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथे नव्या राज्य-मशिदीचे भूमिपूजन झाले. त्या आखीव शहरात वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा आधीच नकाशावर वाटून दिलेली आहे. कोणाला किल्ला पाडावा लागणार नाही, किंवा आधीपासून उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा विचार करावा लागणार नाही. इस्तिकलालचा शेजार मात्र वाद घालून, सोयीची जागा सोडून आणि जास्तीचा खर्च सोसून निवडलेला होता, आणि तिच्या ओवऱ्यांइतकाच तो तिच्या आराखड्याचा भाग आहे. नव्या मशिदीच्या वास्तुकारांनी इस्तिकलालकडून घुमट आणि आकडे घेतले की मोकळ्या कडा आणि शेजाराची जाण घेतली, हे तिच्या बांधकामातून दिसेल.